वास

माझी पहिली नोकरी सहाव्या वर्षाची.
बाबा शिरोलीच्या फौंड्रीतून आले,
उंबऱ्यात वाकून चप्पल काढू लागले
की पळत जायचं, गळ्यात पडायचं,
आणि परत येऊन आईच्या कानात सांगायचं:
आहे, किंवा नाही.

बडीशेपेखालून, पेरूच्या पाल्याखालून,
साच्यांच्या काळ्या मातीखालून
तो मला बरोबर सापडायचा.
आहे म्हटलं की आई मोटारसायकलची किल्ली
तांदळाच्या डब्यात खोल खुपसायची.
बाबांना वाटायचं, पोरीचा आपल्यावर लई जीव.
होताच.

आता त्याच कामाचा पगार मिळतो.
उजळाईवाडी, संध्याकाळचं हैदराबाद, सत्तर सीटा,
गळ्यात रुमाल, अंबाड्याला जाळी,
ओठांना कंपनीनं ठरवून दिलेला रंग.
नियम म्हणतो, नशेतल्या माणसाला विमानात घेऊ नये.
नशा म्हणजे किती, ते नियमानं
नाकावर सोडून दिलंय.

तऱ्हा बघितल्यात.
एकजण कॅप्टनला म्हणाला, भावा, दमलास तू,
टोपापर्यंत मी घेतो.
एकजण वेटिंगच्या खुर्चीला पट्टा शोधत
अर्धा तास शांत बसून होता.
एकानं मला आईवरनं शिवी घातली
आणि त्याच दमात वहिनी म्हणाला.
त्यांना अडवताना माझं काही हलत नाही.
मागं तौफिक मुल्लाणी उभा असतो, दाराएवढा.

आज भूपाल मगदूम. हुपरी. वय अठ्ठावन्न.
कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट,
बोर्डिंग पास दोन्ही हातांत, प्रसाद धरावा तसा.
तोंडात वेलदोडा.
वेलदोड्याखाली –

"पहिल्यांदाच जातोय, ताई. लेकीनं तिकीट धाडलंय.
नातू झालाय.
पाय लटपटाय लागलं म्हणून मारली, नुसती क्वार्टर.
गप झोपून जातो की. कुणाला कळतंय?"

एकदाच मी नाही म्हणाले होते.
बाबांनी त्या दिवशी कंपासपेटी आणलेली.
किल्ली खिळ्यालाच राहिली.
त्यांच्या मांडीत अजून सळई आहे.
मागच्या वर्षी तिरुपतीला नेलं
तेव्हा आमच्याच मशीननं टुंई केलं
आणि ते दोन्ही हात वर करून
माझ्याकडं बघून हसले.

वॉकीटॉकी तोंडाशी धरला.
"आहे," म्हणाले.
पलीकडून विचारलं, काय आहे?

मगदूम भांडले नाहीत.
भांडले असते तर सोपं गेलं असतं.
पिशवी छातीशी धरून उभे राहिले;
आत बाळाचे वाळे, त्यांनीच घडवलेले,
मशीनच्या पडद्यावर मघाशी दोन शून्यं दिसलेली.
उद्याचं तिकीट करून दिलं.
म्हटलं, जेवून या, घाबरून या, देवाला नारळ फोडून या,
पण कोरडे या.
"आणि आलाय कशानं?"
"स्कूटर हाय की. पार्किंगला."
आणि वळले दाराकडं.

"थांबा, आलो!"
ट्रेनिंगमध्ये दोन महिने घासून 'आले' करून घेतलेलं,
सगळ्या लायनीसमोर सांडलं.

हात पुढं केला.
त्यांनी आधी हाताकडं बघितलं, मग बिल्ल्यावरच्या नावाकडं,
मग बराच वेळ कुठंच नाही.
खिशातून काढून ठेवली.
किल्लीला चांदीचं एक घुंगरू.

पोरगा न्यायला येईपर्यंत
बाहेर कठड्यावर बसून होते.
सात दहाला विमान उठलं
तेव्हा त्यांनी हात जोडले, बहुधा विमानाला.

मी ड्रॉवरमध्ये, बॅगांच्या टॅगांखाली
किल्ली खोल खुपसलेली.
कुणी काउंटरला टेकलं की
आतून वाजायचं.